१९७६च्या ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरच्या फायनलला श्रीराम सिंग पहिल्या राउंडला पुढे होते, मग सातवे कसे आले? माझा पुतण्याही ८०० मीटरला असाच मागे पडतो. काय करावं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं, ते म्हणजे पहिल्या राउंडच्या, म्हणजे पहिल्या ४०० मीटरच्या, टायमिंगमध्ये. मात्र श्रीराम सिंग यांनी विचार करून किंमत मोजली होती आणि पुतण्या ती नकळत मोजतोय.

आधी माँट्रियल. २५ जुलै १९७६च्या फायनलमध्ये श्रीराम सिंग यांनी पहिले ४०० मीटर ५०.८५ सेकंदांत पळून आघाडी घेतली होती. क्युबाचा अल्बर्टो हुआंतोरेना त्यांच्या अगदी पाठीवर होता. शेवटच्या ३०० मीटरमध्ये बाकीचे पुढे निघाले आणि हुआंतोरेनाने १:४३.५० असा विश्वविक्रम केला. श्रीराम सिंग सातवे आले, वेळ १:४५.७७. म्हणजे दुसरा राउंड ५४.९२, पहिल्यापेक्षा ४.०७ सेकंद जास्त. सहावा आलेला युगोस्लाव्हियाचा लुचानो सुशान्य १:४५.७५ वर होता. त्या वेगात ०.०२ सेकंद म्हणजे वीतभरही अंतर नाही. पाचव्या स्टीव्ह ओव्हेटची वेळ १:४५.४४ होती.

‘सुरुवातीला उगाच धावले आणि कोसळले’ असं जे सांगितलं जातं, ते मला साफ चुकीचं वाटतं. कोसळलेला धावपटू आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देत नाही. दोनच दिवस आधी हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) त्यांनी १:४५.८६ची वेळ दिली होती. मध्ये सेमीफायनल झाली आणि तिसऱ्या दिवशी फायनलमध्ये त्यांनी तीही वेळ सुधारली. समोर कोण होतं तेही पाहा. हुआंतोरेनाने चार दिवसांनी ४०० मीटरचं सुवर्णही ४४.२६ मध्ये जिंकलं. शर्यत संथ झाली असती तर शेवटच्या २०० मीटरला अशा माणसापुढे त्यांचं काही चाललं नसतं. वेगवान शर्यतीत निदान स्वतःची सर्वोत्तम वेळ हाती लागणार होती आणि ती लागली. त्या वेगाचा आपल्याला फायदा झाला, हे हुआंतोरेनानेही नंतर मान्य केलं.

ते राजस्थानातल्या बडनगरचे. राजपुताना रायफल्समध्ये असताना इलियास बाबर यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले आणि त्यांनी श्रीराम सिंग यांना लांब पल्ल्यावरून ४००–८०० कडे वळवलं. १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रौप्य, १९७४च्या तेहरानला आणि १९७८च्या बँकॉकला सुवर्ण. माँट्रियलची वेळ ४२ वर्षं राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. २०१८ मध्ये गुवाहाटीत जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ ची वेळ देत ती मोडली. २०२५ मध्ये मोहम्मद अफसलने पोलंडमध्ये १:४४.९३ ची वेळ दिली.

आता पुतण्या. तुम्ही लिहिलंय की वय १७, पहिला राउंड ६०, एकूण २:१२. म्हणजे दुसरा राउंड ७२! फरक १२ सेकंदांचा. तुलनेसाठी, लंडन २०१२ मध्ये डेव्हिड रुडिशाने १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला राउंड ४९.२८ आणि दुसरा ५१.६३ होता. फरक २.३५. चांगल्या ८०० मध्ये दुसरा राउंड साधारण दोन-तीन सेकंदांनी जास्त लागतो. चारच्या पुढे गेला की सुरुवात महागात पडली असं समजा.

असं होतं कारण शर्यत सुटल्यावर स्नायूंना पूर्ण ऑक्सिजन पोचायला अर्धं मिनिट तरी जातं. तेवढ्यात जो जास्त वेग घेतो, तो ऑक्सिजनशिवायच्या इंधनावर पळतो. त्यातून स्नायूंत आम्लता साचते आणि ५०० मीटरच्या आसपास पाय जड होतात. मुलं तिथे हात जोरात मारतात, मान मागे टाकतात, खांदे कानाशी नेतात. पण स्ट्राइड (पावलाची झेप) छोटी झालेली असते, त्यामुळे वेग वाढत नाही. दम कमी पडला असं सगळे म्हणतात. माझ्या मते चूक पहिल्या २०० मध्येच झालेली असते.

त्याला २:०८ चं लक्ष्य द्या. पहिले २०० मीटर ३०.५, दुसरे ३२, तिसरे ३२.५ आणि शेवटचे ३३. पहिला राउंड ६२.५ होईल आणि त्याला तो हळू वाटेल, बाकीची मुलं पाच-दहा मीटर पुढे दिसतील. तेव्हा त्याने घाबरायचं नाही. सरावात १०० मीटरच्या खुणेवर शिट्टी घेऊन उभे राहा, पहिली शिट्टी १५ सेकंदांना. खुणेच्या आधी-नंतर किती आहे ते त्याला लगेच कळेल. वेगाचा हा अंदाज घड्याळ बघून येत नाही, पायात बसावा लागतो.

आठवड्यात दोनच कडक दिवस ठेवा. एका दिवशी सहा ते आठ वेळा २०० मीटर, प्रत्येक ३२ मध्ये, मध्ये दोन मिनिटं चालणं. ३० मध्ये पळाला तर शाबासकी देऊ नका, थांबवा. दुसऱ्या दिवशी ६०० मीटर ९५ ते ९६ सेकंदांत, दीड मिनिट विश्रांती आणि लगेच २०० मीटर. हे २०० मीटर ३३ च्या आत आले तर २:०८ जवळ आहे. ही कसोटी दहा दिवसांतून एकदाच, आणि शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात अजिबात नाही. उरलेले तीन-चार दिवस बोलता येईल अशा वेगाने ३५-४० मिनिटं पळणं. हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून ग्राउंडवर रोज जीव तोडून ४०० मारले जातात. पण ८०० मीटरची निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनवरच मिळते, आणि ती क्षमता या संथ पळण्यातून तयार होते. पोलीस भरतीसाठी ८०० पळणाऱ्या मुलींचंही इथेच चुकतं. तिथे तर फक्त घड्याळाशी सामना असतो, त्यामुळे समान वेग आणखी महत्त्वाचा.

लेनकडेही लक्ष द्या. पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये झालं की मुलं लगेच तिरकी आत घुसतात आणि धक्काबुक्कीत लय मोडते. समोरची पूर्ण सरळ संपेपर्यंत हळूहळू आत यायचं. वळणावर कुणाला बाहेरून ओलांडू नये. लेनची रुंदी १.२२ मीटर, म्हणजे एक वळण दुसऱ्या लेनमधून घेतलं तर जवळपास ३.८ मीटर जास्त, त्याच्या वेगाने ०.६ सेकंद. ओलांडायचं असेल तर वळण संपताना आतल्या कडेला चिकटून राहायचं आणि सरळीवर निघायचं. गावाकडचं ग्राउंड २०० मीटरचं, फक्कीने आखलेलं असेल तर वळणं दुप्पट येतात. तिथलं टायमिंग सिंथेटिक ट्रॅकच्या टायमिंगशी ताडून पाहू नका, त्याच ग्राउंडवरच्या मागच्या वेळेशी ताडा.