पाच किलोमीटरचं ॲव्हरेज

प्रश्न : जुळे सोलापुरातून पार्क चौकाजवळच्या ऑफिसला रोज कारने जातो. जायला पाच किलोमीटर, यायला पाच. पुण्याला जाताना हीच गाडी १८ चं ॲव्हरेज देते, गावात ११ च्या वर जात नाही. सर्व्हिसिंग केलं, प्लग बदलले, फरक शून्य. गाडी बदलावी का?

उत्तर : गाडी ठणठणीत आहे, अंतरच तोकडं आहे. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, ऑइल घट्ट असतं, आणि सगळं पुरतं तापेस्तोवर तुमचं ऑफिस येतं. दोनच भाकऱ्या करायच्या असल्या तर निम्मं सरपण तवा तापण्यातच जातं, तसं हे. वर सात रस्त्याचा सिग्नल आहेच.

आता हिशेब करू. महिन्याचे २५ दिवस धरले तर २५० किलोमीटर, म्हणजे साधारण २३ लिटर. १५ देणारी नवी गाडी घेतलीत तर १७ लिटर. वाचले सहा लिटर, म्हणजे सहा-साडेसहाशे रुपये. एवढ्यात नव्या गाडीच्या कर्जाचं व्याजही सुटायचं नाही. त्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस घरातली स्कूटर काढा. तिचं पेट्रोल वजा जाऊनही जवळपास तेवढेच लिटर वाचतात. कारचं ॲव्हरेज मात्र ११ चं ११ च राहील. राहू दे की!

प्रश्न : कारखान्यापर्यंत गावातून ६ किलोमीटर पडतात, ॲव्हरेज १२. बाहेरच्या रस्त्याने ९ पडतात, पण डिस्प्लेवर १६ दिसतं. बाहेरून जाणंच स्वस्त ना?

उत्तर : नाही. सहाला बारा म्हणजे अर्धा लिटर. नवाला सोळा म्हणजे ५६० मिली. आकडा छान दिसतो आणि टाकी जास्त रिकामी होते. गर्दीचा वैताग नको म्हणून बाहेरून जात असाल तर खुशाल जा.

एक अपवाद आहे. लहान कार नुसती उभी चालू राहिली तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते, एसी लावला तर आणखी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाकडे अडकलात आणि सहा-सात मिनिटं जास्तीची उभ्याउभ्या गेली, की तो ६० मिलीचा फायदा संपला. त्या दिवसांत बाहेरूनच जा.

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडी आहे. घर ते दुकान तीन किलोमीटर. डीपीएफचा दिवा सारखा लागतो, डिझेलही जास्त जातं.

उत्तर : तीन किलोमीटरसाठी डिझेल गाडी घ्यायलाच नको होती, पण आता घेतलीच आहे. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी धरणारी जाळी. ती काजळी जळायला जाळीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते, आणि तुम्ही मध्येच दुकानाशी चावी काढता. काम अर्धवट राहतं, उद्या पुन्हा तेच. न जळलेलं डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलं असेल, डिझेलचा वास येत असेल, तर आधी ऑइल बदलून घ्या. नसेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा एका दमात तुळजापूर गाठा. ४५ किलोमीटर आहे, जाळी साफ होते आणि दर्शनही होतं. तरीही दिवा विझला नाही तर वर्कशॉप.

प्रश्न : सकाळी पाच मिनिटं गाडी उभी ठेवून तापवावी का?

उत्तर : नको. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला अर्धं मिनिट पुरे, मग पहिला किलोमीटर सावकाश. कार्ब्युरेटरची जुनी बाइक असेल तर चोक ओढा, पण बंद करायचं विसरू नका.

प्रश्न : मुलीला शाळेत सोडणं, घरी येणं, भाजी, परत घर, दुपारी पुन्हा शाळा. स्कूटर आधी ५० द्यायची, आता ३८ वर आली.

उत्तर : ताई, भाजी शाळेवरून येतानाच घ्या. इंजिन गरम असतं, एक फेरी वाचते. पण ५० वरून ३८ हे नुसत्या थंड इंजिनाचं काम नाही. टायरमधली हवा बघा. मग स्कूटर मधल्या स्टँडवर लावा आणि इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवा. घासल्याचा आवाज येऊन अर्ध्या फेरीतच थांबलं तर ब्रेक धरतोय. आमच्या घरच्या स्कूटरला हेच झालं होतं. मी, गॅरेजवाला माणूस, तीन महिने पेट्रोल पंपाच्या नावाने ओरडत होतो. मागच्या ब्रेकचा नट दोन आटे सैल केला आणि गाडी पूर्ववत झाली.