घरच्या वर्कशॉपमध्ये धातू कापायला काय घ्यावं: ग्राइंडर, बँडसॉ की प्लाझ्मा कटर?

तुम्ही लिहिलंय की कापायचे असतात ते मुख्यतः लोखंडी चौकोनी पाइप, अँगल आणि पट्ट्या, अधूनमधून पत्रा आणि ॲल्युमिनियम. शिवाय त्याच खोलीत सुतारकामही चालतं. माझ्या मते निम्मा निर्णय या सुतारकामानेच करून टाकलाय: ग्राइंडर हे तुमचं मुख्य साधन नको.

ग्राइंडर स्वस्त आहे, जागा खात नाही, आणि १ मिमीचं कटिंग व्हील लावलं की पातळ पाइप बघता बघता तुटतो. अडचण ठिणग्यांची. त्या बऱ्याच लांब उडतात आणि भुशात पडलेली ठिणगी लगेच भडकेलच असं नाही. ती आत धुमसत राहते, आणि तुम्ही खोली बंद करून गेल्यावर पेट घेते. ग्राइंडर घ्याच, पण तो अंगणात किंवा मोकळ्यावर चालवा. गार्ड काढू नका, आणि व्हीलवर छापलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नाही ना, ते बघा. कापून पडणारं टोक मोकळं ठेवा. दोन्ही टोकं टेकलेली असली तर तुकडा मध्ये वाकतो, चीर मिटते, व्हील अडकतं आणि मशीन हातात उसळतं.

खोलीच्या आत बँडसॉ, म्हणजे चाकांवर सतत फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत. ठिणग्या जवळजवळ नाहीत, काप सरळ येतो, कडेवरून कानस फिरवली की काम झालं. फक्त लाकडाच्या बँडसॉला धातूचं पातं लावून भागवायला जाऊ नका. साध्या लोखंडासाठी पात्याचा वेग मिनिटाला ३० ते ८० मीटर लागतो, लाकडाच्या मशीनवर तो कित्येक पट जास्त असतो. त्या वेगाने दाते तापून लगेच बोथट होतात.

पण आठवड्याला दोन-चारच काप असतील, तर मी मशीन न घेता भक्कम शेगडा (तुकडा आवळून धरणारा व्हाइस) आणि चांगला हॅक्सॉ (धातूची हातकरवत) घेईन. हॅक्सॉला लोक नावं ठेवतात, कारण पातं चुकीचं लावलेलं असतं. नियम असा की धातूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत. इंचाला २४ दात्यांच्या पात्यात तीन दाते साधारण ३ मिमी जागा घेतात. म्हणजे ३ मिमी पट्टीला २४ चालेल, २ मिमी भिंतीच्या पाइपला ३२ लावा, भरीव सळईला १८. पातळ पाइपवर १८ चं पातं चालवलं की दाते अडकून तुटतात. दाते पुढच्या दिशेला हवेत, जोर पुढे ढकलताना द्यायचा, मागे येताना हात सैल.

पत्रा १ मिमीपर्यंत असेल तर पत्र्याची कात्री पुरते. ॲल्युमिनियमवर लोखंडाचं कटिंग व्हील लावू नका, ते चोंदतं. हॅक्सॉला किंवा बँडसॉला मोठ्या दात्यांचं पातं आणि त्यावर थोडं मेण, काप छान निघतो.

प्लाझ्मा कटर विजेने तापवलेल्या हवेच्या झोताने धातू वितळवून कापतो. त्याला कोरडी दाबाची हवा, म्हणजे कॉम्प्रेसर लागतो, आणि वितळलेल्या धातूचे थेंब उडतात ते वेगळंच. जाड प्लेटमधून वळणदार आकार काढायचे असतील तर त्याला तोड नाही, पण तुमच्या यादीत तसं काही दिसत नाही.