केसांच्या मुळापासून कॅन्सर होतो का, आणि तो शरीरात पसरतो का?

होतो, पण फार क्वचित. केस जिथून उगवतो त्या पिशवीतून, म्हणजे रोमकूपातून, येणाऱ्या बहुतेक गाठी साध्याच असतात.

पायलोमॅट्रिकोमाचंच घ्या. मुलांच्या मानेवर किंवा चेहऱ्यावर, त्वचेखाली खड्यासारखी टणक गाठ. टणक कारण आत कॅल्शियम साठतं. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशींची नुसती बाह्यरेखा दिसते, मधलं केंद्रक गायब. त्यांना ‘भूतपेशी’ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे! हिचाच घातक भाऊ म्हणजे पायलोमॅट्रिक्स कार्सिनोमा. त्याचं पहिलं वर्णन 1980 सालचं. भूतपेशी त्यातही असतात, त्यामुळे फसायला होतं. फरक कडेला कळतो: पेशी भराभर विभागत असतात आणि आजूबाजूच्या ऊतीत घुसलेल्या असतात.

वयस्कर स्त्रियांच्या डोक्याच्या त्वचेवर वाढणारी ट्रायकिलेमल गाठही (केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून येणारी) कधीकधी घातक वळण घेते.

पसरण्याचं म्हणाल तर मुख्य त्रास त्याच जागी पुन्हा उगवण्याचा. गाठ नुसती खरवडून किंवा कडेकडेने काढली की ती परत येते, म्हणून भोवतीची निरोगी त्वचाही घेऊन रुंद कापतात. दूर गेलीच तर आधी जवळच्या लसिकाग्रंथी, मग फुप्फुसं, कधी हाडं. तिथे पोचल्यावर ठरलेला असा खात्रीचा उपचार नाही.

त्यामुळे काढलेली गाठ पॅथॉलॉजीकडे न पाठवता टाकून देणं मला तरी चूकच वाटतं. जुनी गाठ अचानक वाढू लागली, चिघळली किंवा काढूनही परत आली, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवाच.