नमुना डेटात एकही फील्ड रिकामे नसेल तर

एपीआयच्या (दोन प्रणालींमध्ये डेटाची देवाणघेवाण करणाऱ्या जोडणीच्या) स्कीमावरून, म्हणजे कोणती फील्ड कशी असावीत हे सांगणाऱ्या आराखड्यावरून, शंभर नमुना नोंदी तयार केल्या, त्यांवर सगळ्या चाचण्या पास झाल्या आणि खऱ्या सेवेशी जोडताच ॲप कोसळू लागले, असे आपण लिहिले आहे. वाचताना बाणेरच्या आमच्या जुन्या ऑफिसातला एक पावसाळा आठवला, कारण हेच सारे मी भोगले आहे. मॉक सर्व्हर (खऱ्या सेवेची नक्कल करणारा सर्व्हर) उभा करणे वगैरे आपल्याला येते असे प्रश्नावरून दिसते, म्हणून त्यात शिरत नाही. मात्र शंभरांपैकी एकाही नोंदीत एकही फील्ड रिकामे नाही, हे आपण समाधानाने सांगितले आहे, आणि माझ्या मते पाणी तिथेच मुरते आहे.

आम्ही जेसन स्कीमा फेकर वापरत होतो; ते स्कीमावरून नमुना नोंदी बनवते. 'रिक्वायर्ड', म्हणजे अनिवार्य फील्डांच्या, यादीत नसलेली फील्ड हे साधन कधी भरते, कधी गाळते, आणि तसेच व्हायला हवे. परंतु ग्राहकाला दाखवायच्या स्क्रीनवर मोकळ्या जागा दिसू लागल्या, तेव्हा ऐच्छिक फील्डही दर वेळी भरणारा 'ऑल्वेज फेक ऑप्शनल्स' हा पर्याय मी माझ्या हाताने सुरू केला. स्क्रीन देखण्या झाल्या. डेमो संपल्यावर तो बंद करायचे कोणाच्याही लक्षात राहिले नाही. कोणाच्याही म्हणजे माझ्या.

ज्या संस्थेच्या सेवेशी आम्हाला जोडायचे होते तिचे नाव घेत नाही. तिच्या स्कीमात रिक्वायर्ड यादीच नव्हती, म्हणजे नियमाने प्रत्येक फील्ड ऐच्छिक, आणि 'मधले नाव' नुसते स्ट्रिंग (मजकूर) म्हणून नोंदवलेले. सेवा प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, ज्यांचे मधले नाव नोंदलेले नव्हते त्यांच्या बाबतीत तीन तऱ्हा दिसल्या: नव्या नोंदींत ते फील्डच गायब, जुन्या नोंदींत नल ('मूल्यच नाही' असे सांगणारी खूण), आणि अधल्यामधल्या काही नोंदींत रिकामी स्ट्रिंग. पहिली तऱ्हा स्कीमाला मान्य. तिसरीही मान्य, कारण किमान लांबी दिलेली नव्हती. दुसरी मात्र उघड नियमभंग, कारण ओपनएपीआय ३.० मध्ये (एपीआयचे वर्णन लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीत) नल चालणार असेल तर 'नलेबल' असे स्पष्ट लिहावे लागते. (२०२१ च्या ३.१ आवृत्तीत तो शब्द गेला आणि प्रकारांच्या यादीतच नल लिहायची सोय झाली, तेव्हा आपली फाइल कोणत्या आवृत्तीची आहे ते आधी पाहा.) पावत्यांवर 'सुनंदा नल जोशी' अशी नावे छापली गेली. एका बाईंनी पावती पुढे करून अगदी शांतपणे विचारले, "हे नल कोण?"

त्या संस्थेला मी तीन ईमेल पाठवले आणि तिन्हींना उत्तर एकच आले: "कृपया दस्तऐवज पाहावा." दस्तऐवज म्हणजे तीच स्कीमाची फाइल, जी त्यांच्या कोडमधून आपोआप बाहेर पडत होती आणि त्यांच्यापैकी कोणी उघडून वाचली असेल असे मला आजही वाटत नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या एका इंजिनिअरने फोनवर दोन मिनिटांत सांगून टाकले की जुनी प्रणाली नल पाठवते, आणि हे त्यांच्याकडे सर्वांनाच ठाऊक होते. तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे वाचताना ध्यानात ठेवा.

माझे मत जरा हट्टी वाटेल, आणि मी बिलिंगच्या कामातला माणूस असल्यामुळे इतर क्षेत्रांत ते जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. पण एकाच स्कीमावरून दोन संच काढा. पूर्ण भरलेला संच केवळ दाखवण्यापुरता ठेवा आणि चाचण्या फक्त अनिवार्य फील्ड असलेल्या संचावर चालवा. रिक्वायर्ड यादी नसेल तर या दुसऱ्या संचातली नोंद म्हणजे नुसता रिकामा महिरपी कंस निघेल. तो कंस समोरच्या संस्थेला पाठवा आणि आपल्या स्कीमानुसार ही वैध नोंद आहे, ती स्वीकारावी का, असे लेखी विचारा. 'मधले नाव कधी नसते?' हा प्रश्न टोलवता येतो; हा टोलवणे अवघड जाते.

नल मात्र या दोन्ही संचांत येणार नाही. स्कीमाच त्याला ओळखत नाही, आणि स्कीमातून निघालेला डेटा स्कीमातली चूक दाखवणार तरी कसा? त्यासाठी त्यांच्या टेस्ट सर्व्हरची खरी उत्तरे स्कीमाशी ताडून पाहावी लागतात. स्किमॅथेसिस नावाचे चाचणीचे साधन हे काम करते, पण समोरच्यांची परवानगी घेऊनच ते चालवा, कारण ते मुद्दाम वेडीवाकडी विनंतीही पाठवते.

आपण दिलेल्या तुकड्यात आणखी एक गोष्ट दिसली. पिनकोडच्या पॅटर्नला (आकडे कसे असावेत हे सांगणाऱ्या साच्याला) आरंभी ^ आणि शेवटी $ नाही; मजकूर इथूनच सुरू आणि इथेच संपला पाहिजे, असे ही चिन्हे सांगतात. जेसन स्कीमात ही चिन्हे गृहीत धरली जात नाहीत, त्यामुळे कोथरूडचा ४११०३८ जसा वैध ठरतो तसाच ९९४११०३८०००ही ठरेल. हे आजच दुरुस्त करा, आणि रिकाम्या कंसाला काय उत्तर आले ते इथे जरूर लिहा.