‘काही होणार नाही’ असं मुलांना सांगावं का?

पावसाळा लागला की आईवडील हमखास एक प्रश्न घेऊन येतात. मूल घाबरलं की आम्ही म्हणतो, ‘देव आहे ना, काही होणार नाही.’ पण आमचीच खात्री नसते. मग हे खोटं बोलणंच नाही का?

कुर्ल्याची एक आई हाच प्रश्न घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) लेक आठ वर्षांची. बाबा रोज लोकलने फोर्टला कामावर जातात. आदल्या पावसाळ्यात शीव-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी चढलं, गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि ते मध्यरात्रीनंतर चालत घरी पोहोचले. तोवर तळमजल्यावरच्या घरात घोटाभर पाणी शिरलेलं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की पोरीच्या पोटात दुखायला लागतं. संध्याकाळी एकच धोशा, “बाबा येतील ना गं?” आई म्हणते, “येतील, देव आहे ना.” पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एकदा तर तिने सरळ विचारलं, “देव होता, तर मग घरात पाणी कसं आलं?”

“मॅडम, मला उत्तरच सुचलं नाही,” आई म्हणाली. “आणि खरं सांगू? तोंडाने मी देवाचं नाव घेत होते, पण डोळे टीव्हीवर आणि हातात फोन. ते चॅनेलवाले ‘मुंबईची तुंबई’ दाखवतच असतात.”

मला तिच्या या बोलण्यात जास्त रस वाटला. 1985 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. काचेखाली मध्येच खोल पायरी असल्यासारखं दिसायचं. पलीकडे आई उभी. तिचा चेहरा आनंदी होता तेव्हा 19 पैकी 14 बाळं ती ‘पायरी’ ओलांडून आली. चेहरा भेदरलेला होता तेव्हा 17 पैकी एकही आलं नाही. आया एक शब्दही बोलल्या नव्हत्या. कुर्ल्यातली पोर तरी आणखी काय करत होती? कानाने ‘देव आहे’ ऐकायची आणि आईच्या हातातल्या फोनकडे बघायची.

शिवाय ‘येतील ना’ला दर वेळी ‘येतील’ म्हटलं की जीव तेवढ्यापुरता शांत होतो, आणि शंका परत आली की पुन्हा विचारावंसं वाटतं. या चक्रात आई थकते, मूलही थकतं.

मी तिला विचारलं, “तुम्ही लहान असताना अशी कुठली रात्र आठवते?” ती लगेच म्हणाली, “26 जुलै.” 2005च्या त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. ही तेव्हा शाळेत होती. वडील परळला अडकलेले, वीज नाही, फोन लागेना. तिने आईला विचारलं, “कधी येतील?” आई म्हणाली, “माहीत नाही गं बाळा. ये, माझ्याजवळ बस.” देवापुढे दिवा लावला, शेजारच्या दोन घरांचाही भात टाकला आणि हिला लसूण सोलायला बसवलं. वडील दुसऱ्या दिवशी दुपारी आले. “पण मला त्या रात्री झोप लागली होती,” ती म्हणाली, आणि स्वतःच थोडी चमकली.

तिची आई पंढरीची वारी करणारी. आषाढीला निघालेलं कुणी पाऊस पडू नये म्हणून विठ्ठलाचं नाव घेत नाही. पावसातून चालताना घेतं. (शेतकरी वारकऱ्याला तर तो पडायलाच हवा असतो.) लेकीच्या ‘पाणी कसं आलं’ला उत्तर तिथेच होतं: पाऊस येतो, पाणीही येतं, आणि तेव्हा आपण एकमेकांजवळ असतो.

मग आम्ही साध्या गोष्टी ठरवल्या. प्रश्नाला एकदाच खरं उत्तर द्यायचं: “उशीर होऊ शकतो. झाला तर आपण काय करणार?” दुसऱ्यांदा विचारलं तर “तुला माहीत आहे, तूच सांग.” महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते, ते लेकीने कॅलेंडरवर खुणा करून ठेवायचे. त्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर बाबांनी ऑफिसजवळच्या मावशीकडे राहायचं. टीव्ही बंद. आईने लेकीला घेऊन भात टाकायचा.

आजींना हे पटलं नाही. “देवाचं नाव घेऊ नको म्हणता का?” मुळीच नाही, दिवा लावा. मात्र लेक तेव्हा एक स्तोत्र मोजून म्हणायची आणि मध्ये अडखळली तर पहिल्यापासून सुरू करायची, ‘नाहीतर बाबा बुडतील’ म्हणून. तिथे प्रार्थना भीतीच्या ताब्यात गेली होती. आजींना मी सांगितलं, तिच्यासोबत एकदाच म्हणा, चुकली तरी पुढे जा. त्यांनी हे मनापासून केलं; चुकायचं काम तर त्या मुद्दाम स्वतःच करायच्या.

महिन्याभरात पोटदुखी कमी झाली. प्रश्न अजून येतो, पण एकदाच. भीतीमुळे शाळा, झोप किंवा जेवण चार आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, किंवा असे मोजून करायचे विधी वाढत असतील, तर मात्र घरच्या उपायांवर थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 वर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.