विधी विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत पद घ्यावे की मूट कोर्टच्या संघात संशोधक व्हावे?

आपण दुसऱ्या वर्षाला आहात, संघटनेच्या शाखेत एक पद रिकामे आहे, मूट कोर्टच्या (काल्पनिक खटल्यावर वकिलांसारखा युक्तिवाद करण्याच्या स्पर्धेच्या) संघात मात्र बोलण्याची नव्हे तर केवळ संशोधकाची जागा मिळते आहे, आणि यातले काय निवडावे, शिवाय कोणती संघटना चांगली, असे आपण विचारले आहे. त्या ‘केवळ’ शब्दासाठी मी हे उत्तर लिहीत आहे. मी त्या जागेवर एक पूर्ण वर्ष काढले आहे. जागा सोडू नका.

आमचा संघ जेसप स्पर्धेसाठी होता. १९६० साली सुरू झालेली ही स्पर्धा आज इल्सा ही विधी विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना भरवते. दोन काल्पनिक राष्ट्रांचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे चालतो आणि प्रत्येक संघाला दोन्ही बाजूंचे मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहावे लागते. आम्ही पाच जण होतो, पण एका फेरीत बोलणारे दोघेच.

मेमोरियल पाठवायला दोन दिवस उरले असताना मी प्रतिवादीच्या बाजूच्या तळटिपा मूळ निकालांशी ताडून पाहत होते. सामूहिक स्वसंरक्षणाच्या (हल्ला झालेल्या दुसऱ्या राष्ट्राच्या मदतीसाठी बळ वापरण्याच्या) मुद्द्यावर आमच्या संघनायकाने ‘न्यायालयाने म्हटले आहे की’ असे लिहून एक वाक्य दिले होते आणि खाली निकारागुआ विरुद्ध अमेरिका, १९८६ हा आधार दाखवला होता. पृष्ठक्रमांक मला खटकला, कारण निकालाची पाने त्याच्या बरीच आधी संपत होती. ते वाक्य न्यायालयाचे नव्हतेच. ते न्यायमूर्ती श्वेबेल यांच्या भिन्नमतातले, म्हणजे बहुमताशी असहमत असलेल्या न्यायमूर्तीच्या स्वतंत्र मतातले, होते. त्या खटल्यात अमेरिकेचा सामूहिक स्वसंरक्षणाचा बचाव न्यायालयाने १२ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला आणि त्या तिघांत श्वेबेल होते. म्हणजे न्यायालयाने जे नाकारले, तेच आम्ही न्यायालयाच्या तोंडी घातले होते.

संघनायक म्हणाला, “तळटिपा कोण उघडून बघतं?” त्यावरून आमचे जे भांडण झाले ते रात्री उशिरापर्यंत चालले. भिन्नमत उद्धृत करण्यात गैर काही नाही, परंतु ते भिन्नमत आहे हे सांगावे लागते आणि बहुमताऐवजी तेच का स्वीकारावे याची कारणे द्यावी लागतात, एवढेच माझे म्हणणे होते. अखेर तो परिच्छेद मी नव्याने लिहिला. पहिल्यापेक्षा तो कमी जोरकस झाला, पण त्यातले प्रत्येक वाक्य ज्याचे त्याच्या नावावर होते.

त्या मुद्द्यावर पुढे एकाही परीक्षकाने प्रश्न विचारला नाही आणि आम्ही प्राथमिक फेऱ्यांच्या पुढे गेलो नाही. महाविद्यालयाच्या अहवालात बोलणाऱ्या दोघांचीच नावे छापून आली. संघनायक आजही म्हणतो की बघ, कोणी विचारले का? मला हे मुळीच पटत नाही. मेमोरियलचे गुण वेगळे परीक्षक देतात आणि ते प्राथमिक फेऱ्यांच्या निकालात धरले जातात, ही एक गोष्ट. त्याहून मोठी गोष्ट अशी की उद्या खऱ्या न्यायपीठापुढे हेच केले तर ती न्यायालयाची दिशाभूल ठरते. भाषणाची ढब नंतरही शिकता येते. आधार तपासल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय मात्र मला त्या वर्षानेच लावली आणि आज माझे पोट त्याच सवयीवर चालते.

आता संघटनांविषयी. १९८१ साली व्हिएन्नात स्थापन झालेली एल्सा युरोपातल्या विद्यार्थ्यांची आहे, अल्सा आशियातल्या, तर इल्साचा भर आंतरराष्ट्रीय कायद्यावर आहे. त्यामुळे निवड बरीचशी आपण कुठे शिकता यावरच ठरते. एल्साच्या उमेदवारी कार्यक्रमातून (पूर्वीचे नाव स्टेप) परदेशात कामाचे प्रशिक्षण घेण्याची संधी मिळते आणि जागतिक व्यापार संघटनेच्या कायद्यावरची जॉन एच. जॅक्सन स्पर्धाही तीच भरवते. पदांबद्दल माझे मत कडक आहे: ज्या पदावर वर्षभर फक्त बैठका भरवायच्या आणि छायाचित्रे काढायची, त्याचा कायदा शिकण्याशी संबंध नाही.

हे सरसकट खरे नाही, हेही सांगायला हवे. शाखेचा हिशेब सांभाळणारे किंवा परदेशातून प्रशिक्षणाला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कार्यालये शोधून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांचे काम माझ्या तळटिपांइतकेच कष्टाचे होते. शिवाय प्रवासाचा खर्च अनेकदा विद्यार्थ्यांवरच पडतो आणि मेमोरियलची मुदत परीक्षेच्या तोंडावर येऊ शकते. या दोन्ही गोष्टींची चौकशी आधी करा.

संघात गेलात तर पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी लेखी ठरवून घ्या: प्रत्येक तळटीप लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी मूळ निकालाशी ताडून पाहावी आणि जिथे संघाचे नाव छापले जाईल तिथे पाचही जणांची नावे असावीत.