अणू आणि समस्थानिकं नव्याने शिकताय? आधी एवढंच पक्कं करा

सुरुवातीला ऑर्बिटल (अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याची जागा) वगैरेच्या मागे अजिबात लागू नका, ते नंतर आपोआप येतं. आत्ता फक्त एक गोष्ट डोक्यात फिट करा: मूलद्रव्य कोणतं हे प्रोटॉन ठरवतात, बाकी कोणी नाही. प्रोटॉन ६ म्हणजे कार्बनच, मग न्यूट्रॉन ६ असोत, ७ असोत की ८. न्यूट्रॉन बदलले की समस्थानिक, इलेक्ट्रॉन बदलले की आयन, आणि प्रोटॉन बदलले तर मूलद्रव्यच बदललं.

आता नवीन मुलं हमखास कुठे अडकतात ते सांगतो:

- आवर्तसारणीत क्लोरीनखाली ३५.५ दिसतं, त्यातून १७ (क्लोरीनचे प्रोटॉन) वजा करून न्यूट्रॉन १८.५ काढतात. अर्धा न्यूट्रॉन कुठून येणार? ३५.५ ही सरासरी आहे हो, निसर्गात साधारण ३ भाग क्लोरीन-३५ आणि १ भाग क्लोरीन-३७ असतो, (३५×३ + ३७)÷४ स्वतः करून बघा, एकदा हाताने केलंत की परत विसरणार नाही. न्यूट्रॉन काढायचे तर त्या समस्थानिकाचा अणुवस्तुमानांक (प्रोटॉन + न्यूट्रॉन, म्हणजे नावापुढचा आकडा) घ्या, ३५ − १७ = १८ किंवा ३७ − १७ = २०.
- समस्थानिक म्हणजे किरणोत्सारीच असं नाही. कार्बन-१४ तसा आहे, पण कार्बन-१३ एकदम स्थिर.
- आयनमध्ये प्रोटॉनला हात लावू नका. सोडियम आयनमध्ये प्रोटॉन ११च, इलेक्ट्रॉन १०.

पहिल्या २० मूलद्रव्यांचे अणुक्रमांक (म्हणजे प्रोटॉनची संख्या) मात्र पाठच करा, त्याला पर्याय नाही. मग रोज चार-पाच अणूंचे तिन्ही कण लिहून काढा, आणि अडलं तर बिनधास्त विचारा.